राखेतले वाटाणे

हस्ताचा पाऊस ओसरला आणि ऊन पुन्हा चटके द्यायला लागलं, की मला राग यायला लागतो. त्याला कारण लागत नाही. कधी दूधवाल्यावर निघतो, कधी नातवाच्या गाण्यांवर, कधी नुसता भांड्यांवर. सून आता ओळखून आहे. "आत्याबाई, तुमचे वाटाण्याचे दिवस आले वाटतं," म्हणते आणि दुकानातून किलोभर वाटाण्याची डाळ आणून मुकाट ओट्यावर ठेवते. डाळ आता प्लॅस्टिकच्या पिशवीतून येते. त्यात सालाचा तुकडा नाही, खडा नाही, किडका दाणा नाही. कुणी भरडली, कुठं भरडली, कुणाचे वाटाणे होते, काही कळायला मार्ग नाही. तेच बरं आहे.

मग मी कढण करते. डाळ तीन पाण्यांतून धुवायची आणि दोन तास भिजत टाकायची. लसणाचा अख्खा गड्डा विस्तवावर भाजून, सोलून ठेवायचा. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तूप आणि त्यात कांदा. कांद्याला घाई करायची नाही, लाल होऊ द्यायचा नाही, नुसता मऊ पडला पाहिजे. मग गाजर, बटाटा, दोन तमालपत्रं, भिजलेली डाळ आणि डाळीच्या चौपट पाणी. मीठ शेवटी. आधी घातलं तर डाळ हट्टाला पेटते, शिजता शिजत नाही. दोन-अडीच तास मंद आच, मधूनमधून डाव फिरवायचा, आणि डाव जड लागायला लागला की लसूण चुरडून घालायचा, जाडी भरडी मिरी घालायची. वर साय. भाकरी कुस्करून खाल्लं तर संध्याकाळी जेवायला नको. सांगायला लाज कसली, असं कढण अख्ख्या केडगावात कुणी करत नाही. घरातली सगळी दोन-दोन, तीन-तीन वाट्या ओरपतात. मी एकच वाटी घेते. दुसरी घेत नाही. लग्नाआधीपासून घेतलेली नाही.

हे कढण आईचं. तिचं तरी कुठलं म्हणा, ती शिकली बोर्डिंगात. दुष्काळाच्या साली तिच्या आईनं तिला सात वर्षांची असताना नगरच्या मिशनच्या बोर्डिंगात आणून घातली. तिथं ती शिवण शिकली, सुरात भजन म्हणायला शिकली, आणि मडमिणीच्या स्वयंपाकघरात हे कढण शिकली. मडमीण त्याला सूप म्हणायची, पण आमच्यात सूप पाखडायला असतं, म्हणून आईनं आपलं कढणच म्हटलं. मडमिणीच्या पातेल्यात हाडूक असायचं. आईनं ते काढून टाकलं, कारण आप्पा, म्हणजे माझे वडील, मांसाला शिवत नव्हते. आमचं घर ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. पणजोबांच्या गळ्यातली माळ तेव्हाच उतरली, पण आप्पांच्या जिभेवरची उतरली नव्हती. हाडकाच्या जागी आईनं भाजका लसूण घातला. "मडमिणीपेक्षा माझं चांगलं हाय," असं ती बिनदिक्कत सांगायची, आणि ते खरं असणार.

बोर्डिंगाच्या गोष्टी ती हसत सांगायची. एकच गोष्ट सांगताना हसायची नाही. पहिल्या दोन वर्षी ती सुट्टीला घरी गेली. तिसऱ्या वर्षी गेली तेव्हा तिला त्या घरातला धूर सोसेना, भाकरी गिळवेना, आईच्या लुगड्याचा वास येईना झाला. म्हणजे येत होता, पण नको वाटत होता. मग ती गेलीच नाही. लग्नही बोर्डिंगातूनच लागलं. मला आजोळ म्हणून काही नव्हतं. लहानपणी मी विचारायची, "तुझी आई मग काय करायची गं?" तर ती म्हणायची, "काय करनार? वाट बघायची." आणि उठून काहीतरी कामाला लागायची.

आमचं गाव सुप्याच्या पुढं, पारनेरच्या अंगाला. धाब्याची घरं, जोंधळ्याची शेतं, आणि आमच्या विहिरीवर एक मोट. मी सुप्याला शाळेत चालत जायची. लढाईचे दिवस होते. पुण्याच्या रस्त्यानं सोल्जरांच्या लॉऱ्या धूळ उडवीत नगरकडं जायच्या आणि आम्ही पोरी बाभळीआड उभ्या राहून तोंडावर पदर धरायचो. रॉकेल नाही, साखर नाही, कापड नाही. सरकारचे लेव्हीवाले दारात येऊन जोंधळा मोजून न्यायचे. एवढं सगळं असूनही त्या वर्षांत मी खूष होते, हे आज खरं वाटत नाही. मला एक वेड लागलं होतं. सातवीची फायनल पास व्हायचं, नगरला ट्रेनिंगला जायचं आणि मास्तरीण व्हायचं. शाळेतल्या बाईंसारखं पांढरं पातळ नेसून, हातात छडी न धरता, नुसत्या नजरेनं वर्ग गप्प करायचा. ती नजर मी आमच्या कोंबड्यांवर करून बघायची.

ट्रेनिंगच्या बोर्डिंगातून कळवलं होतं, की टंचाईमुळे मुलींनी वर्षाचं कडधान्य घरून आणावं. आप्पांनी पत्र ऐकलं. मग म्हणाले, "आपल्याला कुठनं आनायचं वर्साचं कडधान्य? जोंधळाच पुरत न्हाई."

"मी पिकविते," मी म्हणाले. "मोटेच्या पाटाखालचा तुकडा द्या मला. वाटाना लाविते."

आप्पा हसले. "तुला जमंल?"

"जमंल."

"मंग लाव. तुझ्या हातचा पिकला, तर तुला नगरला घालवून येतो. मी सवता गाडी जुपतो, जा."

आई चुलीपुढं होती. ती म्हणाली, "दिला का शबुद?" आप्पा म्हणाले, "दिला." आई म्हणाली, "मंग माझा बी दिला." हे सगळं मला असं आठवतं, की आई त्या वेळी भाकरी उलटत होती आणि तिचा हात भाजला. तिनं बोट तोंडात घातलं आणि हसली.

सुप्याच्या बाजारातून आप्पांनी मूठभर बी आणलं. पहिल्या वर्षी मी एकच वाफा केला. वाटाण्याचे वेल चढायला काटक्या रोवल्या, सकाळी शाळेला जाण्याआधी पाणी वळवलं, संध्याकाळी पाखरं हाकलली. शेंगा धरल्या तेव्हा एकही कोवळी शेंग खाल्ली नाही, दुसऱ्या कुणाला खाऊ दिली नाही. शेजारच्या जैनबीमावशी कुंपणापलीकडून चिडवायच्या, "अगं दये, एक शेंग दे की, तुझ्या लग्नाच्या वरातीत नाचंन." मी द्यायची नाही. माघात वेल वाळले, मी ते बडवले, पाखडले, आणि चार शेर वाटाणे निघाले. चार शेर! मला वाटलं जग जिंकलं. चार शेर पेरले तर पुढच्या माघात वर्षाचं कडधान्य होऊन उरलं असतं, आणि पुढच्या चैत्रात माझी फायनल होती. सगळं कसं जिथल्या तिथं बसत होतं.

बियाणं कसं ठेवायचं, ते मला आईनंच शिकवलं. गोवरीची राख चाळून घ्यायची. मडक्यात बोटभर राख, मग वाटाण्यांचा थर, मग कडुलिंबाचा वाळका पाला, पुन्हा राख. शेवटी तोंडाला फडकं बांधून वरून शेणानं लिंपून टाकायचं. किडा शिरत नाही, ओल शिरत नाही, आणि आत दाणा झोपून राहतो. मडकं आईनं कोपऱ्यात उतरंडीखाली ठेवलं. "मी सांभाळते," म्हणाली. "तू अब्यास कर." मी कधी मडकं उघडून बघितलं नाही. उघडलं की हवा लागते, असं तिनंच सांगितलं होतं. येता-जाता नुसता हात लावायची. शेण वाळून गुळगुळीत झालं होतं.

परक्यानं फसवलं, तर माणूस निदान ओरडू शकतं, चार जणांना गोळा करू शकतं. घरातल्यानं फसवलं, की ओरडायचं कुणाकडं बघून? मला आजही कळत नाही. मी इतकी तोंडाळ बाई. केडगावच्या नळावर मी तोंड उघडलं की बायका हंडे उचलून वाट द्यायच्या. पण त्या एका गोष्टीसाठी मला शब्द सापडायला तीस वर्षं लागली, आणि सापडले तेही भलतेच.

तर तो हस्त. पाऊस चांगला पडून गेला होता, जमीन वाफशावर, पेरणीजोगी ओलसर, आली होती. मी आप्पांच्या मागं लागून माझा तुकडा नांगरून घेतला होता. चार दिवसांत पेरायचं होतं. शनिवारी शाळेतून आले, तर जैनबीमावशींच्या धाब्यावर पासोडीवर वाटाणे वाळत घातलेले. रात्रभर भिजवून, पुसून, उन्हात टाकलेले. भरडायच्या आधी असंच करतात, म्हणजे साल सुटं होतं.

"हे कुनाचे?" मी विचारलं.

आई म्हणाली, "बाजारचे. तुझ्या आप्पांनी आनले. उद्या पाव्हणं येनार हायेत नगरहून. कढन करायचंय."

"कोन पाव्हणं?"

"तुझ्या आप्पांच्या वळखीचे मास्तर हायेत. लई मोठे मास्तर. त्यांच्याशी बोल, ट्रेनिंगचं इचार."

मला इतका आनंद झाला, की मी पाटी-पुस्तक खाली ठेवलं आणि म्हणाले, मीच भरडते. जात्याच्या मधल्या खिळ्याला चिंधी गुंडाळून वरचा दगड जरा उचलून घेतला, म्हणजे दाणा पिठात जात नाही, नुसता दोन फाकांत उलगडतो. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला जैनबीमावशी. मावशी जात्यावर बसल्या की ओव्या सुरू व्हायच्या. त्यात कधी नबीसाहेब यायचे, कधी माझी थट्टा, कधी सासवांची उणीदुणी. त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं नाही. मी म्हणाले, "मावशी, दात दुखतोय का?" त्या म्हणाल्या, "व्हय गं." मीच आपली एकटी बडबडत होते. नगरात काय काय असेल, किल्ला किती मोठा असेल, बोर्डिंगात रात्री दिवा किती वाजेपर्यंत ठेवतात. घरघर घरघर, आणि जात्याच्या कडेनं हिरवट-पिवळी डाळ सांडत होती. पाखडताना भुशात कडुलिंबाच्या पानाचा एक तुकडा दिसला, नखाएवढा. मी तो फुंकर मारून उडवला. इतकी हुशार मी, फायनलला पहिली येणार होते, आणि मला कळलं नाही.

वाटाणा भरडताना एक गोष्ट होते. दोन्ही फाकांच्या मध्ये जो बारीक कोंब असतो ना, डोळा म्हणतात त्याला, तो सुटून भुशात पडतो. ज्वारीच्या कणीपेक्षा बारीक. फाका मोठ्या दिसतात, त्यांची डाळ होते. पण उगवण्याचं सगळं त्या डोळ्यात असतं. मी भुसा अंगणात टाकला. कोंबड्यांनी येऊन तो निवडून निवडून खाल्ला.

रविवारी चर्च सुटल्यावर पाहुणे आले. मास्तर, त्यांची बायको, आणि मागं सायकल धरून एक लांबडा मुलगा, मोटारींच्या वर्कशॉपात नोकरी करणारा. मला वाटलं, सायकलला हवा भरायला बरोबर आणला असेल. आईनं मला स्वच्छ लुगडं नेसवलं होतं, वेणीत अबोली माळली होती. मला वाटलं, मास्तर आले म्हणून. कढणाचा वास अंगणापर्यंत गेला होता. सकाळपासून चूल मंद ठेवून आईनं ते घोटलं होतं. तसं कढण तिनं त्याआधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. दाट, पिवळंधमक, लसणाचा वास वर दरवळणारा. लढाईच्या दिवसांत असं पोटभर काही मिळत नसे. सगळे जेवायला बसले. मला पण पाहुण्यांच्या पंक्तीत बसवलं, मास्तरीणबाईंच्या शेजारी. मी पहिली वाटी केव्हा संपवली, कळलं नाही. लाज सोडून म्हणाले, "आई, अजून वाढ."

आईनं वाढलं. डावभर जास्तच वाढलं.

मास्तर मिशा पुसत म्हणाले, "वा! नगरातसुद्धा असं मिळत नाही हो. आणि टंचाईत वाटाणे मिळाले कुठं तुम्हाला?"

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. तिचा चेहरा अभिमानानं असा उजळला होता, की मी तो अजून विसरलेले नाही. ती म्हणाली, "मिळायचे कुठनं? घरचे हायेत. माझ्या दयेनं पिकवले. मोट चालवून, वाफं करून, समदं एकटीनं. परवाच्याला मडकं फोडलं. भरडले बी तिनंच."

मास्तरीणबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "कष्टाळू आहे हो पोरगी. आम्हाला अशीच पाहिजे."

माझ्या तोंडात घास होता. दुसऱ्या वाटीतला. तो गिळायचा की थुंकायचा, ते मला कळेना. सगळे माझ्याकडं कौतुकानं बघत होते. सायकलवाला मुलगा पण बघत होता. तेव्हा मला कळलं, तो कशाला आलाय. मी आप्पांकडं बघितलं. आप्पा बाहेर बैलांकडं बघत होते. मी आईकडं बघितलं. ती म्हणाली, "खा की. गार व्हईल." आणि मी खाल्लं. माझे चार शेर, माझी फायनल, माझं पांढरं पातळ, सगळं मी माझ्या तोंडानं खाल्लं. शेवटचा घास वाटी वाकडी करून घेतला, कारण पाहुण्यांसमोर टाकणं बरं दिसत नव्हतं.

ते गेल्यावर मी उतरंडीखाली बघितलं. मडकं नव्हतं. मागच्या अंगणात आई पातेलं घासत बसली होती, शेजारी राखेचा ढीग. चाळलेली, मऊ, पांढरी राख, तिच्यात कडुलिंबाचा पाला. माझ्या वाटाण्यांची राख. त्या राखेनं ती कढणाचं पातेलं घासत होती.

"आई, माझं मडकं?"

तिनं वर बघितलं नाही. "घरात डाळ न्हवती, दये. संपली हुती. लेव्हीवाल्यांनी काय ठिवलंय का घरात? पाव्हणं दारात आल्यावर त्येंच्या म्होरं काय ठेवू, पानी?"

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर भरडले असतेस का?"

मी ओरडले, रडले, राखेला लाथ मारली, असं सांगायची माझी फार इच्छा आहे. पण मी तिथंच उभी राहिले. आप्पा आले आणि म्हणाले, "पुढल्या साली पेरू." दिलेल्या वचनाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. आमच्याच काय, कुणाच्याच घरात मूठभर बियाणं शिल्लक नव्हतं त्या वर्षी, बाजारात व्यापारी दाखवायला दाणा ठेवत नव्हते. माझा नांगरलेला तुकडा तसाच राहिला. पंधरा दिवसांनी त्यात हराळी उगवली. जैनबीमावशी एकदा कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "मला म्हायती हुतं गं पोरी. तुझ्या आईनं शपथ घातली हुती." मी त्यांच्याशी लग्नापर्यंत बोलले नाही. त्या वरातीत नाचल्या मात्र, रडत रडत.

नाताळानंतर लग्न झालं. शाळा सुटली. पुढल्या साली मी नगरच्या अंगाला होते, ट्रेनिंगला नव्हे, इथं केडगावात, सासरी. सासरे मास्तर होते, म्हणाले होते, "शिकवू की आपण हिला." पहिल्या वर्षी म्हणाले, दुसऱ्या वर्षी मी बाळंत झाले, तिसऱ्या वर्षी ते विसरले. नवरा वाईट नव्हता. हेच तर अवघड. वाईट असता तर मी त्याला धरून भांडले असते. संध्याकाळी हाताला ग्रीस लागलेला तो घरी यायचा, माझ्यासाठी जुनी वर्तमानपत्रं आणायचा, आणि मी ती वाचताना माझ्याकडं बघत बसायचा. त्याला एकदा मी वाटाण्याची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग मी पण तुझे वाटाणे खाल्ले म्हणायचे." मी म्हणाले, "तीन वाट्या." तो त्या रात्री जेवला नाही. भला माणूस.

आईवरचा राग मात्र मी जपून ठेवला आणि त्याच्याभोवती एक सबब पण जपून ठेवली. लढाईचे दिवस होते, टंचाई होती, घरात डाळ नव्हती, बाई तरी काय करणार? माझी तिन्ही बाळंतपणं माहेरी झाली. आईनं रात्र रात्र जागून केलं, कढण करून पाजलं. नाताळाला मी जायची, सणाला जायची, मुलांना सुट्टी लागली की जायची. ती सुप्याच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभी असायची, डोक्यावर पदर, हात डोळ्यांवर. मी उतरले की म्हणायची, "आलीस? बरं झालं." दर वेळी तेवढंच. मला वाटायचं, म्हातारीला दुसरं काही सुचत नाही.

ती जायच्या आधीचा हस्त होता. आप्पा आधीच गेले होते. मी तिला केडगावला आणून ठेवली होती. दात सगळे पडलेले, भाकरी चावत नव्हती. म्हणाली, कढण कर. मी केलं, तिच्याच पद्धतीनं. पातेलंभर केलं, मुलं यायची होती कामावरून. ती ओट्याशी पाटावर बसली आणि वाटी दोन्ही हातांत धरून सुर्र सुर्र करत प्यायली. "माझ्याहून तुझ्या हाताला चव हाय," म्हणाली. आईनं असं कधी म्हटलं नव्हतं. मला भरून आलं. मला वाटलं, पुरे आता. हिला सोडून द्यावं, हिचं ओझं उतरवावं. म्हणून मी आपण होऊन म्हणाले, "आई, त्या वर्षी घरात डाळ असती ना, तर माझे वाटाणे वाचले असते गं. तुझा काय दोष."

तिनं वाटी खाली केली. म्हणाली, "डाळ हुती."

"काय?"

"हुती की. भिंतीतल्या बळदात, गाडग्यात. भरडलेली, दोन शेर. लेव्हीवाल्यांच्या भेवानं लिंपून ठेवली हुती. तुला म्हायती न्हवतं."

तिच्या आवाजात काही नव्हतं. कुणाच्या तरी शेतातली गोष्ट सांगावी तशी सांगत होती. मी गॅस बंद केला. मला वाटतं, मला आवाज नको होता.

"मग माझे का भरडलेस?"

"तू पेरले असतेस." तिनं ओठाच्या कोपऱ्यातलं कढण बोटानं पुसलं. "पेरले असतेस, तर पिकले असते. तुझा हातच तसा. आन् पिकले असते, तर तुझ्या आप्पांनी गाडी जुपली असती."

"मी सुट्टीला आले असते की!"

"मी बी माझ्या आईला असंच म्हनले हुते." ती माझ्याकडं बघत होती, सरळ, न लाजता. "सासुरवाशीण म्हायेराला येती, दये. नाताळाला येती, बाळातपनाला येती. बोर्डिंगातली येत न्हाई. मी गेले का? तू आलीस. दर साली आलीस."

मी त्या बाईकडं बघत राहिले. फाट्यावर हात डोळ्यांवर धरून उभी राहणारी ती हीच. "आलीस? बरं झालं." तीस वर्षं मी एसटीतून उतरत होते, आणि तीस वर्षं ती आपलं पीक मोजत होती. माझ्याजवळ एक सबब होती, तेवढीही तिनं त्या दुपारी काढून घेतली. तिला मी माफ केलेलं नाही. लोक म्हणतात, आईला माफ करावं. त्यांनी करावं आपापल्या आईला.

तिनं रिकामी वाटी माझ्यापुढं धरली. "अजून वाढ."

पातेलं अजून भरलेलं होतं, वाफ निघत होती. मी त्याच्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाले, "संपलं."

तिनं पातेल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि वाटीच्या तळाला लागलेलं बोटानं पुसून चाटत बसली.